ट्रॅक्टरच्या बॅटरीवर बोटीचा रेडिओ

काकांच्या मोबाइलमध्ये एक नकाशा आहे आणि त्यात पपईचे ट्रक फिरतात. आमचं शेत कळसाडीला आहे, शहादा तालुक्यात. या भागातली पपई पार दिल्लीपर्यंत जाते आणि ती पाठवण्याचा काकांचा धंदा आहे. ट्रकांना जीपीएस लागल्यापासून काका जेवतानाही ताटाशेजारी तांब्याला टेकवून मोबाइल उभा ठेवतात. ठिपका हिरवा असला म्हणजे गाडी चालली. तो लाल झाला की काका घास हातात धरून थांबतात, दुसऱ्या हाताने नकाशा मोठा करून पाहतात आणि अहिराणीत म्हणतात, "ढाबावर बठेल शे," म्हणजे गाडी ढाब्यावर थांबलीय. मग जेवण पुढे चालू.

आमच्या घरात बोटीचा विषय निघाला तेव्हा तोही याच नकाशावर येऊन बसणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

बोट ताईची आणि जीजूंची. दोघं गोव्यात राहतात. जीजू जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात इंजिनिअर आहेत. तिथे एक जुनी शिडाची बोट ताडपत्रीखाली पडून होती, ती त्यांनी घेतली. दर रविवारी घासली, रंगवली, शिडं नव्याने शिवून आणली. बेत असा होता की थंडीत गोव्याहून निघायचं आणि थांबत थांबत कोचीपर्यंत जायचं. पण दोघांनीच पाळीपाळीने सुकाणू धरायचं तर झोप कशी व्हायची, म्हणून तिसरं माणूस हवं होतं. एक दिवस ताईने फोनवर विचारलं, "येशील?"

मी म्हटलं, "बघू."

माझ्या या "बघू"चा अर्थ ताईला कळतो. बाकी घरात कुणाला कळत नाही आणि तशी व्यवस्था मीच करून ठेवली आहे. मला इतकं जायचं होतं, की मोठ्याने म्हटलं असतं तर लगेच कुणीतरी "नको" म्हणालं असतं अशी भीती वाटली. म्हणून मी गप्प राहिले आणि ताईलाच घरी विचारू दिलं.

पप्पांनी नाही म्हटलं नाही. ते शेती बघतात आणि कमी बोलतात, त्या बाबतीत मी त्यांच्यावर गेले आहे. काही दिवसांनी कापसावर फवारणी करून आले आणि हात धुता धुता म्हणाले, "बोट कुठे आहे ते घरी बसून दिसलं पाहिजे. काकांच्या गाड्या दिसतात तसं. मग जाऊ दे तिला."

एवढीच अट होती. मला ती सोपी वाटली.

घरातली सगळी माहितीपत्रकं मीच वाचते. मिक्सर, इन्व्हर्टर, ठिबकचा टायमर, काहीही नवीन आलं की खोकं माझ्यासमोर येतं. मला इंग्रजी शाळेत घातलं त्याची वसुली घरचे अशी करतात. माझं कामही तेच आहे. घरी बसून मी यंत्रांची इंग्रजी माहितीपत्रकं तपासते. त्यामुळे जीजू म्हणाले, "रेडिओ आणि ट्रॅकिंगचं सगळं तू ठरव. मी ठरवलं तर स्वस्तातलं घेईन, आणि तुझी ताई रंग बघून घेईल."

मागून ताईचा आवाज आला, "मी रंग तरी बघते. यांनी मागच्या वेळी खोकं न उघडताच पंप बसवायला नेला होता. आत चहाचे कप निघाले."

मी वाचायला लागले. बोटीवर दोन गोष्टी लागतात. एक रेडिओ, ज्यावरून बोटी एकमेकींशी आणि बंदराशी बोलतात. त्याला झाकणाखाली एक लाल बटण असतं. संकटात ते दाबलं की आपण नेमके कुठे आहोत ते आसपासच्या सगळ्यांना आपोआप कळतं. दुसरं एआयएस नावाचं यंत्र. ते रेडिओच्याच लहरींवरून बोटीचं नाव, जागा, दिशा आणि वेग सतत सांगत राहतं, आणि इतरांचं तसंच सांगणं ऐकून आपल्या पडद्यावर दाखवतं. किनाऱ्यावर ठिकठिकाणी लोकांनी हे ऐकणारी यंत्रं लावलेली असतात, त्यांच्यामुळेच घरी बसून मोबाइलवर जहाजं दिसतात.

या एआयएसचे दोन प्रकार मिळतात. एक ऐकतं आणि सांगतंही. दुसरं नुसतं ऐकतं. मी नुसतं ऐकणारं निवडलं. विजेला कमी, बसवायला सोपं आणि समोरून येणारं प्रत्येक जहाज आपल्याला दिसणार. घरच्यांसाठी ताईचा मोबाइल आहेच, त्यावरून ठिकाण पाठवता येईल. मी माझी कारणं नीट लिहून जीजूंना पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"म्हणजे तू सगळ्यांना बघणार आणि तुला कुणी बघायचं नाही."

मी म्हटलं, "तसं नाही."

"तसंच आहे. अगं, आपली बोट फायबरची. रडारवर धड दिसत नाही. मोठ्या जहाजाला थांबायला किती अंतर लागतं माहीत आहे? त्याला आपण दिसलोच नाही तर तू त्याला बघून काय करणार? टाटा?"

मागे ताई इतकी हसत होती की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तिने स्वतःसारखंच निवडलं," ती म्हणत होती.  दुसऱ्या दिवशी मी सांगणारं यंत्र निवडलं.

पुढची निवड मात्र मी चांगली केली असं मला अजून वाटतं. एक अँटेना डोलकाठीच्या टोकाला, कारण रेडिओच्या लहरी सरळ जातात आणि जितकं उंच तितकं लांबचं ऐकू येतं. दुसरी मागच्या कठड्यावर, कारण डोलकाठीच पडली तर सगळं एकदम मुकं व्हायला नको. जाड केबल घ्यायची, कारण बारीक केबलीत अर्धी ताकद वाटेतच जाते. हे आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरीला लांबून वायर ओढणाऱ्या कुणालाही माहीत असतं. शिवाय हातात धरायचा एक छोटा रेडिओ, पाण्यात पडला तर तरंगणारा.

एका गोष्टीवर काट मारावी लागली. जीजूंचा परदेशातला मित्र एक उपग्रहावर चालणारं छोटं यंत्र द्यायला तयार होता. ते भर समुद्रातूनही ठिकाण पाठवतं. पण वाचत गेले तेव्हा कळलं, की आपल्याकडे असलं यंत्र परवानगीशिवाय जवळ ठेवणंही चालत नाही. जीजूंनीही नको म्हटलं. त्यामुळे काय अडणार होतं ते मला त्याच वेळी दिसलं, पण सामान आल्यावर सगळ्यांसमोर नीट समजावू असं ठरवलं.

सामान दिवाळीनंतर आमच्याच घरी आलं. मी इथे सगळं जोडून तपासायचं आणि मग गोव्याला घेऊन जायचं, असं ठरलं होतं. मी खोकं उघडायला कात्री आणली तर काकांनी हात आडवा घातला. "आधी पूजा."

"काका, ही गाडी नाही."

"नवी मोटर उनी तरी पूजा व्हस. बोट आठे येवाव नही, ते रेडिओनी करू. प्रकाशाले चाल, तापीवर."

प्रकाशा हे तापीकाठचं तीर्थाचं गाव. तिथे घाटावर त्या दिवशी भाविकांची बरीच गर्दी होती आणि बंधाऱ्यामुळे तापी काठोकाठ भरलेली होती. काकांनी पायरीवर नवा पंचा अंथरला, त्यावर दोन्ही रेडिओ ठेवले, कुंकू लावलं, नारळ फोडला. मोठ्या रेडिओची मागची बाजू मी आधीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेतली होती, कारण तिथल्या जोडण्यांना पाणी चालत नाही आणि काकांच्या हातात तांब्या होता. छोट्या रेडिओला मात्र पूर्ण स्नान घडलं.

"हाई तरंगस ना?" काकांनी विचारलं.

"हो. माहितीपत्रकात लिहिलंय."

"तू पाह्यनं का?"

"नाही."

"मंग?" असं म्हणून त्यांनी पूजेच्या पिशवीतली सुतळी रेडिओला बांधली आणि मी काही म्हणायच्या आत तो नदीत सोडला. रेडिओ आत गेला.  मग तो वर आला, डोकं वर काढून तरंगू लागला आणि पाणी लागल्यामुळे त्याचा दिवा आपोआप लुकलुकायला लागला. शेजारी अंघोळ करून वर येणाऱ्या एका आजींनी त्याला हात जोडले. त्यांच्याबरोबरच्या बाई थोड्या चौकस होत्या.

"काय शे हाई, भाऊ?"

"बोटना फोन."

बाईंनी नदीवर वर-खाली नजर फिरवली. "बोट कोठे शे?"

"गोवामा."

"मंग फोन आठे कसाले?"

 काकांनी सुतळी ओढून रेडिओ बाहेर काढला, पंच्याने पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आते ठीक शे. लई जाय."

पुढच्या रविवारी आम्ही गच्चीवर एआयएस जोडलं. बारा व्होल्टची वीज हवी होती, म्हणून पप्पांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून वर आणली. मी तारा जोडल्या, अँटेना कठड्याला बांधली आणि यंत्र सुरू केलं. थोड्या वेळाने पडद्यावर एक गोल उमटला आणि त्याच्या मधोमध एक छोटी बोट. ती बोट म्हणजे आम्ही, कळसाडीतली गच्ची. भोवती काहीच नव्हतं.

काका वाकून बघत होते. "दुसरी गाडी कोठे शे?"

"इथे कशी दिसेल? सगळ्यांत जवळचा समुद्र सुरतेकडे. एवढ्या लांबचं ऐकू येत नाही. अँटेना खूप उंच असती तर थोडं जास्त ऐकू आलं असतं."

उंच म्हटल्याबरोबर काकांनी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. दहा मिनिटांत टाकीवर बांबू आणि बांबूवर अँटेना चढली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "काय, टीव्ही लावी ऱ्हायनात का?" काकांनी वरूनच सांगितलं, "नही, बोट."  पडदा मोकळा तो मोकळाच राहिला.

काका खाली उतरून यंत्राच्या बाजूचं बटण चाचपायला लागले. "आनी हाई कसानं?"

"ते दाबून ठेवलंय. ते दाबलं की यंत्र सगळ्यांचं ऐकतं, पण स्वतःचं काही सांगत नाही. जमिनीवरून सांगायची परवानगी नसते."

काकांनी एकदा यंत्राकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पप्पांना म्हणाले, "हाई ते आपली पोरच शे."

सगळे हसले. मीही हसले. पण पप्पांचं हसणं लवकर संपलं. ते अजून पडद्याकडेच बघत होते.

"समुद्रात गेल्यावर तुम्हीही आम्हाला असेच दिसणार नाही?" त्यांनी विचारलं.

आता सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, "किनाऱ्याजवळ असताना दिसू. पण जवळच्या पाण्यात मासेमारीची जाळी असतात, त्यामुळे काही टप्प्यांत लांबून जावं लागणार. तिथलं किनाऱ्यावरच्या यंत्रांना ऐकू येत नाही. मोबाइललाही रेंज नाही. तेवढा वेळ ठिपका जिथे शेवटचा दिसला तिथेच थांबलेला दिसेल."

"ढाबावर बठेल शे तसं," काका म्हणाले.

"हो, पण आम्ही चालत असू. आजूबाजूच्या जहाजांना दिसत असू, रेडिओवर बोलताही येईल. फक्त तुम्हाला दिसणार नाही."

"किती वेळ?"

"दिवसभर. कधी जास्त."

पप्पांनी मान हलवली. "म्हणजे दिसणार नाही," ते म्हणाले आणि बॅटरीच्या तारा सोडवायला लागले. रागाने नाही. काम संपलं की अवजारं आवरतात तसे. बॅटरी निघाली, पडदा काळा झाला आणि मला वाटलं, संपलं. दोन महिने वाचलेलं सगळं माझ्याकडे राहील आणि माझ्या जागी बोटीवर दुसरं कुणीतरी जाईल. काका बांबूकडे बघत होते. मी केबलचं वेटोळं करत होते, नको इतकं नीट.

मम्मी इतका वेळ दोरीवरचे कपडे काढत होती. ती शिक्षिका आहे. आता शहाद्याला असते, पण मी लहान असताना तिची शाळा धडगावच्या वर डोंगरात होती. सोमवारी सकाळी ती शेअर जीपने जायची ती शनिवारी परत यायची. घड्या घालता घालता तिने पप्पांना विचारलं, "धडगावच्या घाटात मी कुणाला दिसत होते?"

पप्पांनी तारा हातात तशाच धरल्या.

"घाटाच्या आधी जीप थांबवायचा ड्रायव्हर," ती म्हणाली. "रेंजचं शेवटचं ठिकाण होतं ते. सगळे उतरून घरी फोन करायचे. घाटात शिरतोय, एवढंच सांगायचे. मग वर पोचून, कुणाच्या तरी फोनवरून निरोप देईपर्यंत कुणी वाट बघायची नाही. आठवतं का?"

"आठवतं."

"मग?"

"मला काळजी नव्हती असं वाटतं का तुला?" पप्पा म्हणाले. "तुझा दुसरा फोन येईपर्यंत मी शेतात पाणी एकाच वाफ्याला देत बसायचो."

"माहीत आहे मला. तुमच्या गड्याने सांगितलं होतं. पण तुम्ही मला एकदाही जाऊ नको म्हणाला नाहीत."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या वाफ्यातलं पीक सडलं का, असं काकांना विचारायचं होतं बहुतेक, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि मम्मीकडे बघून मिटलं.

पप्पा माझ्याकडे वळले. "तुला जायचंय का? ताई सांगते, जवाई सांगतात, आता मम्मी सांगते. तू अजून एकदाही म्हणाली नाहीस."

मी केबल खाली ठेवली. "हो," मी म्हटलं. "मला खूप जायचंय."

माझा आवाज मला अपेक्षेपेक्षा मोठा वाटला. शेजारच्या गच्चीवरही गेला असावा, कारण तिकडे कुणीतरी खाकरलं.

"मग घाटात शिरताना फोन करायचा," पप्पा म्हणाले. "आणि घाट संपल्यावर. मध्ये आम्ही वाट बघणार नाही."

काकांनी त्यात धंद्याची भर घातली. "ड्रायव्हरले घडी घडी फोन करना नही. त्यानी गाडी बिघडस." आणि ही शिकवण मला नसून पप्पांसाठी आहे, हे दाखवायला त्यांच्याकडे बोट केलं.

गोव्याला पोचल्यावर जीजूंनी खोकी उघडली. रेडिओच्या माइकवर कुंकवाचा टिळा तसाच होता. "हे मॉडेल तू असंच मागवलंस का?" त्यांनी विचारलं. ताईने टिळा पुसू दिला नाही. बोटीला सरकारकडून मिळालेला नंबर एआयएसमध्ये एकदाच भरता येतो. चुकला तर यंत्र परत कंपनीकडे पाठवावं लागतं. म्हणून ताईने तो मोठ्याने वाचला, मी भरला, मग तिने उलटा वाचला आणि मी उलटा तपासला. नंतर मी बाजूचं बटण बघितलं. या वेळी ते दाबायचं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी रेडिओ तपासायचा होता. परवाना जीजूंचा, पण ते शेजारी बसले आणि माइक माझ्या हातात दिला. धक्क्यापलीकडे त्यांच्या ओळखीच्या एकांची बोट उभी होती. मी बटण दाबून त्यांच्या बोटीचं नाव घेतलं, मग आमच्या बोटीचं, आवाज येतो का ते विचारलं आणि बटण सोडलं. आमच्या घरात एक वाक्य पूर्ण करायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी तोडावं लागतं, म्हणून मी बहुतेक वेळा करतच नाही. रेडिओवर तसं नव्हतं. मी बोलत असताना शिस्तीने सगळे थांबले होते आणि माझं संपल्यावरच पलीकडून उत्तर आलं, की आवाज अगदी स्वच्छ येतोय. जीजू म्हणाले, "झालं, ठेव." मी अजून एकदा तपासून बघू का, असं विचारलं. ताई पुन्हा हसायला लागली.

पहिले दोन टप्पे किनाऱ्याच्या नजरेत झाले. घरी आमची बोट पपईच्या ट्रकांच्या जोडीला आली होती, वेगळ्या ॲपमध्ये, आणि त्यासाठी काकांनी दुसरा मोबाइल काढला होता. ते दोन्ही मोबाइल तांब्याला टेकवून जेवतात, असं मम्मीने सांगितलं. तिसऱ्या टप्प्याला जाळ्यांपासून लांब जायचं होतं. मोबाइलची रेंज एकेक काडीने कमी होत होती. शेवटची काडी उरली तेव्हा मी घरी फोन लावला. काकांनी उचलला.

"दिखी ऱ्हायनी तू," ते लगेच म्हणाले. "हळू चाली ऱ्हायनी. ट्रॅक्टर शे का बोट?"

मी घरात अहिराणी ऐकते आणि उत्तर मराठीत देते. माझे उच्चार शाळेतले आहेत, काका त्यांची नक्कल करतात, म्हणून. त्या दिवशी ताई-जीजू शिडाकडे होते, जवळ दुसरं कुणी नव्हतं आणि रेंज जात होती.

"घाटमा शिरी ऱ्हायनूत, काका."

  मग काकांनी मोबाइल बाजूला धरून घरात हाक दिलेली ऐकू आली, "घाटमा शिरन्या त्या." आणि परत मला, "जेवनी का?" मी "हो" म्हणेपर्यंत शेवटची काडी गेली.

त्या दिवशी आमच्यापासून बऱ्याच लांबून एक मोठं मालवाहू जहाज गेलं. त्याचं नाव आमच्या पडद्यावर होतं आणि आमचं त्याच्या. ते आमच्यासाठी थोडं वळलं, तेही पडद्यावर दिसलं. ताईने त्याला टाटा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनारा दिसायला लागला आणि मोबाइल वाजायला लागला. मी आधी मम्मीला फोन केला. पप्पा काय करतायत म्हणून विचारलं.

"शेतात गेलेत," ती म्हणाली. "काल दिवसभर मोबाइलला हात लावला नाही त्यांनी. रात्री जेवताना मात्र एकदा विचारलं, घाट संपला का म्हणून."

"आणि मग?"

"मग काही नाही. आता कापसाला पाणी सोडायला गेलेत. तू त्यांना आधी फोन कर. एकच वाफा भरत असतील."

मी लावला. मागे मोटर चालू होती.

"संपला, पप्पा," मी म्हटलं.

"बरं," पप्पा म्हणाले. मग मोटरीच्या आवाजातच त्यांनी कुणाला तरी सांगितलं, "पाणी पुढच्या वाफ्याला वळव."